शाखांतल्या संगणकांवर दुरून सुरक्षा सॉफ्टवेअर बसवणे: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

लायसन्स घेतले, इन्स्टॉलर इन्ट्यूनमध्ये (संगणक दुरून सांभाळण्याचे मायक्रोसॉफ्टचे साधन) चढवला, 'सर्व डिव्हाइस' या ग्रुपला लावला आणि दुसऱ्या दिवशी कन्सोलवर (सगळ्या मशीनची स्थिती दाखवणाऱ्या पानावर) बरीच मशीन हिरवी दिसली, की काम झाले असे समजले जाते. मग चोपड्याच्या शाखेतून फोन येतो, आधारचे ठसे घेणारे यंत्र चालत नाही. शहाद्याहून कळते की टॅली उघडायलाच पाच मिनिटे लागतात. धडगावच्या दोन मशीनचा तर पत्ताच नसतो. अशा बहुतेक तक्रारींचे मूळ उलटसुलट क्रमात असते.

उदाहरणासाठी एक पतसंस्था धरू. मुख्य कार्यालय जळगावात, शाखा चोपडा, रावेर, अमळनेर, शिरपूर, शहादा आणि धडगावला. एकूण ४० संगणक, एक सर्व्हर, दोन मॅक आणि पिग्मी एजंटांचे अँड्रॉइड फोन. साधन इन्ट्यून. जिनिंग, दालमिल किंवा केळीच्या पेढीलाही हाच क्रम चालतो. फक्त तिथे वजनकाट्याचे मशीन वाढते, आणि ते वेगळेच प्रकरण आहे. सिक्राइट, सोफॉस, क्राउडस्ट्राइक किंवा डिफेंडर (विंडोजमधलाच अँटिव्हायरस), एजंट (प्रत्येक मशीनवर बसणारे सुरक्षा सॉफ्टवेअर) कोणताही असला तरी पायऱ्या बदलत नाहीत.

टप्पा १: यादी करा आणि ती प्रत्यक्षाशी ताडून पाहा

इन्ट्यूनच्या यादीत फक्त नोंदलेली मशीन दिसतात. म्हणून प्रत्येक शाखाधिकाऱ्याकडून टेबलनिहाय मोजणी मागवा आणि दोन याद्या शेजारी ठेवा. फरकातली मशीन आधी इन्ट्यूनमध्ये आणावी लागतील. ज्या मशीनचा शेवटचा संपर्क सात दिवसांपेक्षा जुना आहे, तीही 'नोंदलेली' समजू नका. एजंट पाठवण्याआधी त्यांचा संपर्क सुरू झाला पाहिजे.

यादीत एवढे रकाने हवेतच: विंडोजची एडिशन आणि आवृत्ती, रॅम, सी ड्राइव्हवर मोकळी जागा, हार्ड डिस्क की एसएसडी, सध्याचा अँटिव्हायरस, बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू आहे का, आणि जोडलेली यंत्रे (ठशांचे यंत्र, डिजिटल सहीचे टोकन, पासबुक प्रिंटर, वजनकाटा).

यादी करताना तीन गोष्टी हमखास सापडतात.

पहिली, विंडोज होम. शाखेने परस्पर दुकानातून घेतलेला लॅपटॉप बहुधा होम एडिशनचा असतो. तो डोमेनला (संस्थेच्या संगणकांच्या सामाईक नोंदणीला) किंवा एन्ट्रा आयडीला (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या तशाच नोंदणीला) जॉइन होत नाही. त्याचे प्रो करून घ्या.

दुसरी, जुने विंडोज. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वजनकाट्याला जोडलेले मशीन विंडोज ७ वर असेल आणि काट्याचे सॉफ्टवेअर नव्यावर चालत नसेल, तर त्यावर ओढूनताणून एजंट बसवू नका. त्याचे इंटरनेट तोडा, नेटवर्क स्विचवर त्याला वेगळे व्हीलॅन (बाकीच्यांपासून तोडलेला नेटवर्कचा भाग) द्या, आणि पेनड्राइव्ह बंद करा.

तिसरी, विंडोज किंवा ऑफिस लायसन्सशिवाय चालवणारे बेकायदा अ‍ॅक्टिव्हेटर. नवा एजंट पहिल्याच दिवशी ते पकडून उडवतो आणि लगेच 'तुमच्या सॉफ्टवेअरने विंडोज बिघडवले' अशी तक्रार येते. लायसन्सचा निर्णय आधीच संचालकांकडून करून घ्या, नंतर तो खर्च तुमच्या माथी येतो.

इशारा: एका मशीनवर सगळे बसवून त्याची इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) बाकीच्यांवर ओतली असेल आणि त्या इमेजमध्येच एजंट असेल, तर सगळ्यांची ओळख एकच होते. कन्सोलवर सहा मशीनच्या जागी एकच दिसते आणि तिचे नाव सारखे बदलत राहते. इमेज एजंटशिवाय बनवा.

टप्पा २: जुना अँटिव्हायरस काढा

एका मशीनवर दोन अँटिव्हायरस एकाच फाइलवर झडप घालतात. मशीन रांगते, कधी निळ्या पडद्यावर जाते. म्हणून जुना काढणे हे वेगळे, आधीचे काम समजा.

क्रम असा ठेवा: जुन्या कन्सोलमधून अनइन्स्टॉल पासवर्ड आणि छेडछाड-संरक्षण काढा, अनइन्स्टॉल पाठवा, मशीन रीस्टार्ट करा, मग नवा एजंट. जुन्या उत्पादनाचे लायसन्स संपण्याआधीच पासवर्ड काढून घ्या. कन्सोल बंद झाल्यावर तो पासवर्ड कुणाकडेच नसतो आणि मग प्रत्येक मशीन सेफ मोडमध्ये उघडून, त्या कंपनीचे काढणी-टूल चालवावे लागते. म्हणजे धडगावला गाडी काढावी लागते.

मधल्या वेळात मशीन उघडे पडेल ही भीती विंडोज १० आणि ११ वर नको. दुसरा अँटिव्हायरस निघाला की डिफेंडर आपोआप चालू होतो, आणि नवा नोंदला गेला की स्वतः बाजूला होतो. सर्व्हरवर मात्र असे आपोआप होत नाही. तिथे नवा एजंट बसल्यावरही डिफेंडर पूर्ण जोरात चालू राहतो आणि दोघे एकमेकांच्या पायात येतात. सर्व्हरवर डिफेंडर स्वतः काढा किंवा उत्पादनाच्या सूचनेप्रमाणे निष्क्रिय अवस्थेत ठेवा.

इथे 'रीस्टार्ट' हा शब्द अक्षरशः घ्या. शाखेत रोज संध्याकाळी मशीन बंद होते, पण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर कर्नल (विंडोजचा गाभा) झोपवून ठेवला जातो. सकाळी तोच उठतो. जुन्या अँटिव्हायरसचे ड्रायव्हर त्यामुळे आठवडाभर तसेच राहू शकतात. रीस्टार्ट इन्ट्यूनमधून पाठवा, नाहीतर कर्मचाऱ्याला रीस्टार्टचाच पर्याय निवडायला सांगा.

तपासा: विंडोज सिक्युरिटीच्या खिडकीत व्हायरस संरक्षणाखाली फक्त डिफेंडर दिसतो का? जुन्याचे नाव दिसत असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: नेट, घड्याळ आणि वीज

एजंट ज्या सर्व्हरशी बोलतो त्यांच्या पत्त्यांची यादी उत्पादनाच्या कंपनीकडून घेऊन फायरवॉलवर ४४३ पोर्टने बाहेर जाण्याची परवानगी द्या. फायरवॉल एचटीटीपीएस (सुरक्षित वेब-संवाद) उघडून तपासत असेल तर हे पत्ते त्यातून वगळा. एजंट स्वतःचे प्रमाणपत्र ओळखतो. मध्ये फायरवॉलचे प्रमाणपत्र दिसले की तो बोलायचे थांबतो, आणि पडद्यावर कोणतीही चूक दिसत नाही.

एजंट सिस्टिम खात्यातून (विंडोजच्या स्वतःच्या अंतर्गत खात्यातून) चालतो. वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये प्रॉक्सी (नेटकडे नेणारा मधला सर्व्हर) भरली आहे म्हणून नेट चालते, पण सिस्टिम खात्याला ती प्रॉक्सी माहीतच नसते. अशा शाखेत प्रॉक्सी मशीनपातळीवर लावा. याच कारणाने इन्स्टॉलर झेड ड्राइव्हसारख्या मॅप केलेल्या जागेवर ठेवून चालत नाही. सिस्टिम खात्याला तो ड्राइव्ह दिसत नाही.

मग घड्याळ. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. चुकीच्या तारखेला प्रमाणपत्र अवैध ठरते आणि एजंट सर्व्हरशी बोलू शकत नाही. ही अगदी स्वस्तातली बॅटरी एजंटच्या कितीतरी 'गूढ' बिघाडांमागे असते. जिथे तारीख मागे जाते तिथे आधी ती बदला आणि वेळेचे सिंक चालू करा.

लाइनचे गणित कागदावर मांडा. इन्स्टॉलर ४०० एमबीचा आणि मशीन ४० असतील तर एकूण १६ जीबी. २० एमबीपीएसची लाइन पूर्ण मोकळी मिळाली तरी साधारण पावणेदोन तास लागतात, आणि कामाच्या वेळी ती कधीच मोकळी नसते. ज्या शाखेत एकापेक्षा जास्त मशीन आहेत तिथे डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये (विंडोजची डाउनलोड वाटून घेण्याची सोय) त्याच नेटवर्कमधली देवाणघेवाण चालू करा. मग बराचसा भाग शेजारच्या मशीनकडून येतो. धडगावला लाइन डोंगलवर असेल तर तिथल्या मशीनचा वेगळा ग्रुप करून त्याला शेवटी घ्या.

रात्रीची वेळ ठेवू नका. रात्री ११ ला इन्स्टॉल होईल असे कन्सोलवर ठरवणे सोपे असते, पण शाखेत शटर ओढताना मेन स्विच बंद होतो. काम दिवसाच करावे लागते: सकाळी मशीन सुरू झाल्यावर लगेच, किंवा जेवणाच्या सुट्टीत. भारनियमनाचे तास शाखेकडून विचारून घ्या. इन्स्टॉल चालू असताना वीज गेली तर ड्रायव्हर अर्धवट बसतो. यूपीएसची बॅटरी दहा मिनिटेही टिकत नसेल अशा मशीनला यादीत खूण करा.

कोणत्या दिवशी काम टाळायचे हेही ठरवा. पतसंस्थेत महिनाअखेर आणि ३१ मार्च. मिलमध्ये दरमहा ११ आणि २० तारीख, कारण तेव्हा जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात. आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात निम्मे लॅपटॉप गावाकडे बंद पडलेले असतात, तो आठवडा धरूच नका.

टप्पा ४: पॉलिसी एजंटच्या आधी तयार ठेवा

सर्वात जास्त त्रास इथल्या घाईने होतो. एजंट बसला की तो मूळ पॉलिसी (काय अडवायचे, काय सोडायचे याचे नियम) उचलतो, आणि मूळ पॉलिसीला तुमचे टोकन, काटा, टॅली काहीच माहीत नसते. आधी ग्रुप करा, त्यावर पॉलिसी लावा, मगच एजंट पाठवा.

सुरुवातीला वर्तनावर आधारित नियम आणि यूएसबी नियंत्रण फक्त 'नोंद करा' या अवस्थेत ठेवा. एक आठवडा काय काय अडले असते ते वाचा, आणि मग अडवायला सुरुवात करा. व्हायरस पकडणे मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण चालू.

डिजिटल सहीचे टोकन: 'सगळे यूएसबी बंद' हा नियम लावला की निविदा आणि विवरणपत्रांची कामे थांबतात. फक्त साठवणुकीची यूएसबी बंद करा, स्मार्ट कार्ड वर्ग चालू ठेवा. काही टोकन संगणकाला आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, म्हणून सीडीचा नियमही तपासा.

ठशांचे यंत्र: त्याची आरडी सेवा (यंत्र आणि आधार प्रणाली यांना जोडणारे सॉफ्टवेअर) त्याच संगणकावर ११,१०० ते ११,१२० या पोर्टवर बोलते. वेब-संरक्षण किंवा एचटीटीपीएस तपासणी यात आडवी आली की ब्राउझरला यंत्र 'सापडत नाही'. त्या सेवेची प्रक्रिया आणि संगणकाचा स्वतःशी होणारा संवाद, दोन्ही वगळा.

टॅली: ती संथ होऊ नये म्हणून पूर्ण डी ड्राइव्ह तपासणीतून वगळणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. खंडणीखोर व्हायरसला नेमके तिथले टॅलीच्या डेटाचे फोल्डर हवे असते. वगळायचेच असेल तर टॅलीची प्रक्रिया वगळा, आणि तीही प्रत्यक्ष संथपणा दिसल्यावरच. डेटा फोल्डरवर संरक्षण राहू द्या.

वजनकाट्याचे सॉफ्टवेअर: स्थानिक प्रोग्रामरने केलेल्या छोट्या फाइलवर डिजिटल सही नसते, त्यामुळे एजंटला ती संशयास्पद वाटते. त्या फाइलच्या हॅशने (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-क्रमांक) परवानगी द्या; फोल्डर मोकळे सोडू नका. आवृत्ती बदलली की हॅश बदलतो, म्हणून काटेवाल्याला 'बदल करण्याआधी कळवा' असे लेखी सांगा.

पहिले पूर्ण स्कॅन शाखांमध्ये वेगवेगळ्या दिवशी लावा. हार्ड डिस्कवरच्या ४ जीबी रॅमच्या मशीनवर ते दिवसभर चालते. डिफेंडरमध्ये स्कॅनसाठी सीपीयूची सरासरी मर्यादा मूळची ५० टक्के असते, अशा मशीनला ती २० ते ३० करा.

मॅक असतील तर क्रम आणखी कडक आहे. सिस्टिम एक्स्टेन्शनची परवानगी, पूर्ण डिस्क प्रवेश, नेटवर्क फिल्टर, सूचना आणि मॅकओएस १३ पासून पुढे पार्श्वभूमीत चालण्याची परवानगी, ही प्रोफाइल आधी मशीनवर पोचली पाहिजेत. मागाहून दिली तर वापरकर्त्यासमोर परवानग्यांच्या खिडक्या उघडतात, तो 'नको' दाबतो, आणि एजंट बसूनही आंधळा राहतो.

पिग्मी एजंटांच्या फोनवर कामाच्या प्रोफाइलमध्ये बसवलेले अ‍ॅप वैयक्तिक बाजू पाहत नाही, हे संचालकांना आधी सांगा. काही परवानग्या फोनधारकालाच द्याव्या लागतात. बॅटरी बचतीतून अ‍ॅप वगळायला विसरलात तर ते मागे बंद पडत राहते.

टप्पा ५: पॅकेज आणि ओळखीचा नियम

इन्स्टॉलर एकट्याच फोल्डरमध्ये ठेवून मायक्रोसॉफ्टच्या विन३२ कंटेंट प्रेप टूलने पॅकेज बनवा. डाउनलोडच्या फोल्डरमध्येच टूल चालवले तर तिथल्या सगळ्या फाइल पॅकेजमध्ये जातात.

इन्स्टॉल आज्ञेत तीन गोष्टी हव्यात: कोणतीही खिडकी न उघडता बसवणे, आपोआप रीस्टार्ट न करणे आणि लॉग लिहिणे. इन्स्टॉलर एमएसआय प्रकारचा असेल तर पहिल्या दोन्हींसाठी 'क्यूएन' आणि 'नोरिस्टार्ट' हे स्विच आहेत. ईएक्सई प्रकारचा असेल तर स्विच उत्पादनाच्या कागदपत्रातून घ्या, अंदाजाने लिहू नका. चुकीचा स्विच दिला की इन्स्टॉलर एखादी खिडकी उघडतो, सिस्टिम खात्यात ती कुणालाच दिसत नाही, आणि इन्ट्यून मूळ मर्यादेप्रमाणे ६० मिनिटे वाट पाहून 'अयशस्वी' लिहितो.

मशीन तुमच्या कन्सोलला जोडणारा संस्थेचा टोकन किंवा की आज्ञेत द्यायची असेल तर ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. ती हाती लागली तर कुणीही आपले मशीन तुमच्या कन्सोलमध्ये घुसवू शकतो आणि लायसन्स खाऊ शकतो.

आता ओळखीचा नियम, म्हणजे इन्ट्यूनने 'हे बसले आहे' असे कशावरून मानायचे. यात चार चुका होतात:

• फक्त फोल्डर आहे का पाहणे. अर्धवट इन्स्टॉलनंतरही फोल्डर उरतो.
• आवृत्ती 'बरोबर' अशी लावणे. एजंट स्वतःला अपडेट करतो, आवृत्ती पुढे जाते, इन्ट्यूनला ती सापडत नाही आणि ते जुना इन्स्टॉलर पुन्हा पाठवते. 'एवढी किंवा त्याहून वरची' असे लावा.
• एमएसआयच्या उत्पादन-कोडवर विसंबणे. अपडेटनंतर तो कोडही बदलू शकतो.
• रजिस्ट्रीत ३२ बिट आणि ६४ बिटची गल्लत. इन्ट्यूनचा मशीनवरचा घटक ३२ बिटचा आहे. नियम कोणत्या बाजूला पाहणार हे स्पष्ट निवडा.

उत्तम नियम म्हणजे छोटी स्क्रिप्ट: सेवा चालू आहे का आणि आवृत्ती पुरेशी आहे का. स्क्रिप्टने शून्य कोड द्यावा आणि एखादा शब्दही छापावा. काहीच छापले नाही तर इन्ट्यून 'बसलेले नाही' असेच धरते.

तपासा: परताव्याचे कोड भरले आहेत का. ० म्हणजे यश, ३०१० म्हणजे यश पण रीस्टार्ट बाकी, १६१८ म्हणजे दुसरे इन्स्टॉल चालू आहे, पुन्हा प्रयत्न. १६०३ आला तर लॉग उघडल्याशिवाय काही कळणार नाही.

टप्पा ६: टप्प्याटप्प्याने पाठवणे

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली. अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतले गेले, पण पडलेल्या कितीतरी मशीनकडे माणसाला स्वतः जावे लागले. कर्नलमध्ये शिरणारे कोणतेही सॉफ्टवेअर एकाच दिवशी सगळीकडे पाठवू नये, ते यासाठी.

पहिला गट ३ मशीनचा: मुख्य कार्यालयातली, आणि त्यांत एक टॅलीचे, एक ठशांचे यंत्र असलेले. दोन कामाचे दिवस थांबा. दुसरा गट: प्रत्येक शाखेतून एक मशीन, पण ग्राहकांच्या काउंटरवरचे नको. आठवडाभर थांबा. तिसरा गट: बाकीची मशीन, शाखा-शाखा करून. सर्व्हर सगळ्यात शेवटी, सुट्टीच्या दिवशी, आदल्या रात्रीचा बॅकअप तपासून. एजंटच्या आपोआप अपडेटनाही हेच गट लावा, नाहीतर पहिल्याच महिन्यात ही उतरंड निरर्थक होते.

ग्रुप डिव्हाइसचे करा, माणसांचे नव्हे. शाखेत एका मशीनवर तीन जण लॉगिन करतात. माणसांच्या ग्रुपला लावले तर कोण आधी बसला त्यावर इन्स्टॉल ठरते.

इशारा: बिटलॉकर चालू असलेल्या प्रत्येक मशीनची ४८ अंकी रिकव्हरी की एन्ट्रा आयडीमध्ये आहे का ते पहिल्या गटाआधी पाहा. मशीन निळ्या पडद्यावर अडकले तर सेफ मोडमध्ये जाण्यासाठी तीच मागितली जाते.

टप्पा ७: मशीनवर जाऊन खात्री

'इन्स्टॉल झाले' याचा अर्थ फाइल बसल्या एवढाच. संरक्षणाची खात्री वेगळी करावी लागते. प्रत्येक शाखेतल्या निदान एका मशीनवर हे पाहा: सेवा चालू आहे, सुरक्षा कन्सोलवर (इन्ट्यूनमध्ये नव्हे) त्याचा आजचा संपर्क दिसतो, योग्य ग्रुपची पॉलिसी लागली आहे, व्हायरसची व्याख्या आजची किंवा कालची आहे.

मग आयकार चाचणी (अँटिव्हायरस चालतो का पाहण्याची प्रमाणित चाचणी). ६८ अक्षरांची ती निरुपद्रवी ओळ नोटपॅडमध्ये जतन करा. एजंटने फाइल उडवली पाहिजे, आणि काही मिनिटांत कन्सोलवर इशारा आला पाहिजे. फाइल उडाली पण इशारा आला नाही तर नेटचा प्रश्न आहे, टप्पा ३ कडे परत जा. ब्राउझरमधून डाउनलोड करून चाचणी केली तर बहुधा ब्राउझरच अडवतो, आणि एजंटची परीक्षा होतच नाही.

इशारा कुणाच्या मेलवर जातो तेही याच वेळी ठरवा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. इशारे सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या मेलवर जात असतील तर सहा तासांची मुदत कुणाला कळण्याआधीच संपते.

छेडछाड-संरक्षण आणि अनइन्स्टॉल पासवर्ड यानंतरच चालू करा. आधी चालू केले तर बिघडलेला एजंट काढणेही अवघड होते.

टप्पा ८: अडकलेली मशीन

इन्ट्यूनचे लॉग सी ड्राइव्हवर प्रोग्रामडेटा, मायक्रोसॉफ्ट, इन्ट्यून मॅनेजमेंट एक्स्टेन्शन, लॉग्ज या क्रमाने सापडतात. ते इन्ट्यूनच्या 'डायग्नोस्टिक्स गोळा करा' या सोयीने दुरूनही मागवता येतात.

• लॉगमध्ये अ‍ॅपचे नावच नाही: मशीन ग्रुपमध्ये नाही किंवा संपर्कात नाही.
• डाउनलोड अर्ध्यावर: लाइन, फायरवॉल किंवा सी ड्राइव्ह भरलेला.
• तासभर 'चालू' आणि मग अयशस्वी: न दिसणारी खिडकी, म्हणजे चुकीचा स्विच.
• बसले, पण सुरक्षा कन्सोलवर नाही: घड्याळ, प्रॉक्सी किंवा एचटीटीपीएस तपासणी.
• बसले, दिसते, पण संरक्षण बंद: जुना अँटिव्हायरस उरला आहे किंवा खरे रीस्टार्ट बाकी आहे.

काही प्रयत्न फसले की इन्ट्यून पुढचा प्रयत्न २४ तासांनी करते. त्या काळात 'सिंक' दाबत बसून उपयोग होत नाही. कारण दुरुस्त करा आणि दुसऱ्या दिवशी पाहा.

टप्पा ९: मशीन सेवेतून काढताना

कर्मचारी सोडून गेला किंवा लॅपटॉप विकायचा आहे, तेव्हा क्रम उलटा होतो. आधी सुरक्षा कन्सोलमधून छेडछाड-संरक्षण काढा, मग एजंटचे अनइन्स्टॉल पाठवा, मशीन एकदा संपर्कात येऊन ते काढल्याचे दिसू द्या, लायसन्स मोकळे करा, आणि त्यानंतरच इन्ट्यूनमधून मशीन काढा. उलट केले तर एजंट मशीनवरच कुलूपबंद राहतो आणि त्याला आज्ञा पाठवायचा रस्ता उरत नाही. विकत घेणाऱ्याचा फोन मग तुम्हालाच येतो.